जुन्या लेन्समधली धूळ: साफ करून घ्यावी की राहू द्यावी?

कॅमेऱ्याची जुनी लेन्स हातात आली की बहुतेक जण तिचं मागचं झाकण काढतात, टॉर्च लावतात आणि आत बघून दचकतात. बाहेरून लख्ख वाटणाऱ्या काचेच्या पोटात कणच कण, मध्ये एखादा बारीक केस, कडेला कसलीशी पांढुरकी रेघ. मग लेन्स उघडून साफ करून घेतली जाते. काही महिन्यांनी पुन्हा टॉर्च लागतो आणि आत पुन्हा धूळ दिसते. ‘साफ करूनही परत येते, आता काय करू?’ हा प्रश्न मला सतत विचारला जातो, म्हणून सगळं एकदा सविस्तर लिहिते.

उत्तर आधीच सांगून टाकते. आतली कोरडी, विखुरलेली धूळ काढण्यासाठी लेन्स उघडू नका. फोटोवर त्या धुळीचा परिणाम जवळजवळ नसतो, आणि उघडताना लेन्स बिघडण्याची शक्यता मात्र नक्की असते. मी पाहिलेल्या जुन्या लेन्सपैकी धुळीने निकामी झालेल्या फारच थोड्या. उघडून, घासून, चुकीच्या जोडणीने कायमच्या बिघडलेल्या मात्र बऱ्याच.

पण टॉर्चमध्ये दिसणारी प्रत्येक गोष्ट धूळ नसते. बुरशी, तेलकट धुकं, दोन काचांमधला चिकट थर सुटणं हे सगळं नवख्या नजरेला धुळीसारखंच दिसतं, आणि त्यातल्या काहींसाठी एक पावसाळाही थांबून चालत नाही. म्हणून पैसे आणि जीव खर्च करण्याआधी आत नेमकं काय आहे ते ओळखायला हवं.

आधी पाहा, डाग फोटोत आहे का?

टॉर्च बाजूला ठेवा. त्याच्या तिरक्या उजेडात नवी कोरी लेन्ससुद्धा कणांनी भरलेली दिसते, कारण अंधारलेल्या नळीत एकेक कण उजेड विखरून चमकतो. दोष शोधायला तो उजेड चांगला, पण लेन्स चांगली की वाईट हे त्यावरून ठरवता येत नाही. ते फोटो काढूनच कळतं.

फोटोत ठिपके दिसत असतील तर पहिला संशय सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्याच्या आत प्रतिमा टिपणाऱ्या भागावर, घ्या. तपासणी सोपी आहे. अ‍ॅपर्चर एफ/१६ किंवा एफ/२२ ठेवा (अ‍ॅपर्चर म्हणजे उजेड आत येण्याची लेन्समधली उघडीप; एफचा आकडा मोठा तितकी ती लहान), आयएसओ, म्हणजे उजेडाची संवेदनशीलता, सगळ्यात कमी. सारखा उजेड पडलेली कोरी भिंत किंवा निरभ्र आकाश समोर घ्या. फोकस हाताने मुद्दाम चुकवा, म्हणजे भिंतीचा पोत मध्ये येणार नाही. भिंत असेल तर शटर उघडं असताना कॅमेरा किंचित हलवला तरी चालेल, उलट बरंच. मग तोच फोटो एफ/२.८ किंवा लेन्सच्या सर्वात मोठ्या उघडीपीवर काढा आणि दोन्ही संगणकावर कॉन्ट्रास्ट वाढवून शेजारी ठेवा.

एफ/१६ला ठसठशीत काळपट गोल ठिपके आणि एफ/२.८ला ते विरून गेलेले, असं दिसलं तर धूळ सेन्सरवर आहे. नेमकं सांगायचं तर ती सेन्सरच्या पुढच्या पातळ काचेवर बसलेली असते. अ‍ॅपर्चर बारीक झालं की प्रकाशाची शलाका निमुळती होते आणि काचेवरच्या कणाची सावली स्पष्ट पडते. मोठ्या अ‍ॅपर्चरला चहूबाजूंनी उजेड आल्याने ती सावली पुसून जाते. खात्री करायची असेल तर दुसरी लेन्स लावून पुन्हा एफ/१६ला फोटो घ्या. ठिपके त्याच जागी राहिले तर लेन्सचा काही संबंध नाही. साफ करताना एवढं ध्यानात ठेवा की सेन्सरवर प्रतिमा उलटी पडते. कॅमेरा सरळ धरून समोरून सेन्सरकडे पाहिलं, तर फोटोत वर डावीकडे असलेला ठिपका तुम्हाला खाली डावीकडे सापडेल.

लेन्स साफ करून आणल्यावर पुन्हा डाग आले, असं सांगणाऱ्यांची अडचण बरेचदा इथेच सुटते. लेन्स काढल्या-लावल्याने सेन्सरवर धूळ बसते, आणि शिक्षा लेन्सला होते.

डाग फक्त व्ह्यूफाइंडरमध्ये दिसतो आणि फोटोत नाही, असं असेल तर एसएलआर, म्हणजे आतल्या आरशातून दृश्य दाखवणाऱ्या, कॅमेऱ्यात तो फोकसिंग स्क्रीनवर (आरशाच्या वरचा, दृश्य दाखवणारा पडदा) किंवा आरशावर असतो. फोटोत तो कधीच येणार नाही. फक्त हलकेच हवा मारा. फोकसिंग स्क्रीनला कापड लावू नका, तो बहुधा मऊ प्लास्टिकचा असतो आणि त्यावर पडलेला ओरखडा मग रोज डोळ्यासमोर राहतो.

फिल्मवर काम करणाऱ्यांसाठी एक सोपी खूण आहे. निगेटिव्ह फिल्मच्या प्रिंटमध्ये किंवा स्कॅनमध्ये ठिपका पांढरा असेल, तर धूळ स्कॅन वा प्रिंट करताना निगेटिव्हवर होती. ठिपका काळा असेल, तर फोटो काढतानाच कण फिल्मवर बसलेला होता आणि त्याने उजेड अडवला. दोन्हीत लेन्स निर्दोष.

एवढी धूळ असून दिसत कशी नाही?

समोरच्या दृश्यातल्या एका बिंदूपासून निघालेला प्रकाश लेन्सच्या एकाच जागेतून आत जात नाही, तर पूर्ण उघडीप व्यापून जातो, आणि तो सगळा मागे एकत्र येऊन फोटोतला तो एक बिंदू घडतो. वाटेत एखाद्या कणाने थोडा उजेड अडवला तरी बाकीचा पोहोचतोच. शिवाय तो कण फोकसपासून इतका दूर असतो की त्याची आकृती उमटूच शकत नाही. खिडकीच्या जाळीला नाक लावून बाहेरचं झाड पाहिलं की जाळी दिसेनाशी होते, तसंच हे.

आकड्यांत पाहू. ५० मिमीची लेन्स एफ/२ला असेल तर उघडीप २५ मिमी व्यासाची, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे ४९० चौरस मिमी. धुळीचा ०.१ मिमी रुंदीचा कण घ्या. डोळ्याला सहज दिसणारा असा कण ०.००८ चौरस मिमीसुद्धा जागा घेत नाही. असे १०० कण मोजले तरी एकूण ०.८ चौरस मिमीच्या आत. अडलेला प्रकाश सुमारे ०.१६ टक्का. बहुतेक कॅमेऱ्यांवर एक्स्पोजरची जी सर्वात लहान पायरी असते, एक तृतीयांश स्टॉपची (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा), तिच्यात प्रकाश सुमारे २० टक्क्यांनी कमी होतो. त्यापुढे ०.१६ टक्का कोणाच्या नजरेला येणार?

हे गणित मी मुद्दाम मांडते, कारण धुळीने फोटो ‘मऊ’ येतात अशी तक्रार वारंवार ऐकू येते. मऊपणाची कारणं वेगळी असतात: चुकलेलं फोकस, हललेला हात, जुन्या लेन्सचा मोठ्या अ‍ॅपर्चरला असणारा मूळ स्वभाव, नाहीतर आतल्या काचा केंद्रापासून सरकलेल्या असणं. शेवटचं कारण तर बरेचदा आधीच्या कोणीतरी केलेल्या साफसफाईतूनच आलेलं असतं.

जिथे धूळ खरंच दिसते

तरीही काही ठिकाणी धूळ डोके वर काढते, आणि ती ठिकाणं माहीत असलेली बरी.

एक म्हणजे खूप रुंद कोनाची लेन्स बारीक अ‍ॅपर्चरला. १५ मिमीची लेन्स एफ/१६ला ठेवली तर उघडीप १ मिमीपेक्षाही लहान होते. आता पुढच्या काचेवरचा ०.३ मिमीचा तंतूसुद्धा त्या भागाचा सुमारे १० टक्के प्रकाश खातो, आणि आकाशात मळकट, अंधुक धब्बा उमटतो. मात्र हा तंतू बाहेरच्या पृष्ठभागावर असतो. ब्लोअरच्या (हवा मारायच्या रबरी फुग्याच्या) दोन फुंकरींत तो जातो, लेन्स उघडावी लागत नाही.

दुसरं ठिकाण सगळ्यात मागची काच. प्रकाशाची शलाका प्रतिमेकडे जाताना निमुळती होत जाते, म्हणून मागच्या काचेवरचा कण पुढच्या काचेवरच्या तेवढ्याच कणापेक्षा जास्त त्रास देतो. ज्या लेन्सची मागची काच फिल्मच्या किंवा सेन्सरच्या अगदी जवळ जाते तिथे हे अधिक जाणवतं. हा पृष्ठभागही बाहेरचाच, पण काळजी पुढच्यापेक्षा जास्त घ्या. मागच्या काचेवर पडलेला ओरखडा पुढच्या काचेवरच्या ओरखड्यापेक्षा फार महाग पडतो.

पार्श्वभूमीतल्या दिव्यांच्या धूसर चकत्या हे तिसरं ठिकाण. त्या चकतीत लेन्सच्या उघडीपीचंच चित्र उमटलेलं असतं, त्यामुळे आतला मोठा कण किंवा केस तिच्यात काळ्या ठिपक्यासारखा, रेघेसारखा दिसू शकतो. रात्रीच्या दिव्यांसमोर माणसांचे फोटो काढणाऱ्याला हे खुपेल. डोंगर, इमारती, कागदपत्रं यांचे फोटो काढणाऱ्याला आयुष्यभर कळणारही नाही. लेन्सचा उपयोग कशासाठी होतो ते विचारल्याशिवाय मी कोणाला सल्ला देत नाही, ते यामुळेच.

आणि शेवटचं, समोरून येणारा उजेड. धुळीचा दाट थर असेल तर तो हा उजेड विखरतो आणि फोटोतले काळे भाग राखाडी होतात. तपासायचं तर चौकटीच्या जरा बाहेर एक दिवा ठेवा, समोर काळं कापड ठेवा आणि फोटो काढा. त्याच जागेवरून तुमच्याकडच्या दुसऱ्या, स्वच्छ लेन्सने पुन्हा काढा. पहिल्या फोटोत काळं कापड स्पष्टपणे फिकं दिसलं तर आत काहीतरी आहे. पण ते काहीतरी धूळ असण्यापेक्षा तेलकट धुकं असण्याचीच शक्यता जास्त.

धुळीसारखं दिसतं, पण धूळ नाही

हा भाग नीट वाचा, कारण लेन्स वाचते किंवा जाते ती इथे.

बुरशी ओळखायची तिच्या तंतूंवरून. कण सुटे असतात, बुरशीला फांद्या फुटतात. कोळ्याच्या जाळ्यासारखं, मुळांसारखं किंवा बर्फाच्या नक्षीसारखं काही कडेकडून आत सरकताना दिसलं, तर ती बुरशीच. काचेवरचा बारीक मळ, ग्रीसचा अंश आणि हवेतला ओलावा एवढ्यावर ती जगते. वाढताना आम्लं सोडते, आणि ती आम्लं आधी काचेवरचा लेप आणि मग काच खातात. सुरुवातीला काढली तर काच स्वच्छ निघते. उशीर झाला तर बुरशी निघून जाते, पण तिची नक्षी काचेत कोरलेली राहते आणि ती कोणत्याही द्रावणाने जात नाही. धुळीसाठी ‘थांबा’ म्हणणारी मी बुरशीसाठी ‘लगेच’ म्हणते ते याच कारणाने.

लेन्स उन्हात ठेवली की बुरशी जाते, असं सांगितलं जातं. उन्हातल्या अतिनील किरणांनी वाढ थांबू शकते, पण तंतू काचेवर तसेच राहतात. साफसफाई टळत नाही. बुरशीच्या एका लेन्समुळे शेजारच्या लेन्सना ‘लागण’ होते ही भीतीही अर्धवट खरी आहे. बीजाणू हवेत सगळीकडेच असतात. एका लेन्सला बुरशी धरली याचा अर्थ त्या कपाटातला ओलावा बुरशीला मानवतो आहे, आणि बाकीच्या लेन्सही त्याच कपाटात आहेत.

तेलकट धुकं वेगळं दिसतं. त्यात कण नसतात, तंतू नसतात. टॉर्च लावल्यावर पूर्ण काच दुधाळ किंवा राखाडी होते, आणि टॉर्च बाजूला केला की साफ वाटते. फोकस फिरवणाऱ्या आट्यांमधलं ग्रीस आणि अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर उतरलेलं तेल वर्षानुवर्षं हळूहळू उडत राहतं आणि आतल्या काचांवर, विशेषतः पात्यांच्या आजूबाजूच्या काचांवर, पातळ थर धरतं. कॉन्ट्रास्ट सर्वात जास्त मारतं ते हे. शंभर कण काही करत नाहीत, पण डोळ्याला जेमतेम दिसणारा हा थर संपूर्ण फोटो फिका करतो. फार वर्षं साचून काचेला लागलेला नसेल तर तो साफ होतो आणि फरक पहिल्याच फोटोत दिसतो. लेन्स उघडायला लावणारं माझ्या मते सगळ्यात रास्त कारण हेच.

त्याच तेलाचा दुसरा प्रताप पात्यांवर दिसतो. एसएलआरच्या जुन्या लेन्समध्ये शटर उघडण्याच्या क्षणी पाती झटकन मिटायला हवीत. तेलाने चिकट झाली की ती रेंगाळतात, आणि बारीक अ‍ॅपर्चरचे फोटो जास्त उजळ येतात. लेन्स सर्वात बारीक अ‍ॅपर्चरवर ठेवा, मागची खिट्टी बोटाने ओढून सोडा. पाती एका झटक्यात हलली पाहिजेत. पात्यांवर थोडी चमक दिसली तरी ती झपाट्याने मिटत असतील तर घाई नाही.

काही लेन्समध्ये दोन काचा एकमेकींना चिकटवलेल्या असतात. पूर्वी त्यासाठी कॅनडा बाल्सम हा झाडाचा पारदर्शक राळेसारखा चीक वापरत, पुढे कृत्रिम चिकटद्रव्यं आली. हा थर सुटू लागला की कडेकडून इंद्रधनुषी रंगाचे पट्टे किंवा बुडबुड्यांसारखे डाग दिसतात. ते दोन काचांच्या मध्ये असल्याने पुसून जाणं शक्यच नाही. काचा सोडवून पुन्हा चिकटवणं हे नाजूक काम आहे आणि दुर्मिळ लेन्स सोडली तर सहसा परवडत नाही. कडेपुरतं असेल तर फोटोत दिसत नाही. वापरत राहा.

काचेच्या कडेला आतून लावलेला काळा रंग सुटला की कडेभोवती पांढरे बारीक ठिपके कंकणासारखे दिसतात. श्नायडर क्रॉयझनाखच्या लेन्समध्ये हे इतक्या वेळा दिसतं की जाणकार त्याला ‘श्नायडरायटिस’ म्हणतात. धूळ समजून लोक हे साफ करायला देतात, पण हे निघणारं नाही आणि काढायची गरजही नाही. जुन्या काचेतले हवेचे इवलेसे बुडबुडेही तसेच. ते काच ओतताना आत राहिले आणि लेन्स असेपर्यंत राहतील.

एक पिवळेपणाचंही सांगते. काही जुन्या लेन्समध्ये थोरियम मिसळलेली, किंचित किरणोत्सर्गी काच वापरली जायची. सुपर ताकुमार ५० मिमी एफ/१.४ च्या काही आवृत्त्या त्यासाठी प्रसिद्ध आहेत. ही काच काळाबरोबर चहाच्या रंगाची होते. तो मळ नाही आणि पुसून जात नाही. अतिनील प्रकाशाखाली काही दिवस-आठवडे ठेवल्यावर रंग बराच उतरतो. उन्हात ठेवणार असाल तर फार जपून, कारण उन्हात ठेवलेली लेन्स म्हणजे जळतं भिंग. खिडकीत ठेवून विसरलेल्या लेन्सने कापड, लाकूड पेटू शकतं, आणि तापलेल्या नळीतलं ग्रीस पातळ होऊन पुन्हा काचांवर जातं. अतिनील दिवा त्यापेक्षा बरा.

मग उघडायची कधी?

बुरशी असेल, धुकं असेल, पाती चिकटत असतील, फोकसची कडी अडकत असेल तर लेन्स उघडणं योग्य आहे, आणि ती उघडलीच आहे तर धूळही त्याच वेळी काढून घ्यावी. फक्त धुळीसाठी उघडायची तर धूळ तुमच्या प्रत्यक्ष फोटोंमध्ये, तुम्ही जसे फोटो काढता तशाच फोटोंमध्ये, दिसली पाहिजे. मधोमध अडकलेला मोठा तुकडा, पात्यांचा सुटलेला रंग, समोरच्या उजेडात फोटो फिका करणारा दाट थर, एवढ्यावर मी हो म्हणेन. विकायची आहे म्हणून साफ करायची असेल तर त्यापेक्षा त्या लेन्सने काढलेले चांगले फोटो दाखवा आणि आत धूळ आहे हे सरळ सांगा. समजदार गिऱ्हाइकाला न उघडलेली लेन्स जास्त आवडते.

लेन्सची किंमतही विचारात घ्या. त्याच जातीची चांगली लेन्स दुरुस्तीच्या खर्चात मिळत असेल तर हिशेब साधा आहे, तीच घ्या. मात्र आजोबांची लेन्स असेल, घरातल्यांचे फोटो तिने काढलेले असतील, तर हा हिशेब लागू होत नाही, आणि तो लावूही नये.

घरी किती करावं?

बाहेरच्या दोन काचा स्वतः साफ करा. आधी रबरी ब्लोअर, मग मऊ ब्रश, आणि डाग राहिलाच तर लेन्सच्या कागदावर एक थेंब लेन्स क्लीनर घेऊन मधून कडेकडे गोल गोल. थेंब कागदावर घ्यायचा, काचेवर नाही, नाहीतर तो कडेने आत उतरतो. कोरडं कापड धुळीवर कधीही फिरवू नका, त्या कणांत वाळू असते. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे शिंतोडे उडतात. डब्यातली दाबाची हवाही नको, कारण डबा तिरका झाला की आतलं थंडगार द्रव काचेवर येतं. १९४०च्या दशकातल्या लेन्सवरचे लेप फार मऊ असतात, त्यांना तर शक्यतो फक्त हवाच द्या.

आत जायचं म्हणाल तर साधी, हाताने फोकस करायची, झूम नसलेली लेन्स असेल आणि हात स्थिर असेल तरच. अशा अनेक ५० मिमी लेन्समध्ये पुढचं नाव असलेलं कडं रबरी साधनाने दाबून फिरवलं की सुटतं आणि पुढचा काचांचा गट एकसंध बाहेर येतो. पात्यांच्या जवळच्या काचेवर तेवढ्यात पोहोचता येतं. स्क्रू जपानी लेन्सचे असतील तर जेआयएस (जपानी मानक) मापाचा स्क्रूड्रायव्हर घ्या. नेहमीचा फिलिप्स त्यांच्या खाचेत पूर्ण बसत नाही आणि डोकं खरवडतो. खाचा असलेली कडी लेन्सच्या दोन टोकांच्या स्पॅनरनेच फिरवा, कात्रीच्या टोकांनी नाही. प्रत्येक पायरीला फोटो काढा, आणि कोणतंही कडं सोडण्याआधी त्याची जागा खुणेने नोंदवा. काचांच्या मध्ये पातळ वॉशर निघाले तर ते कोणत्या क्रमाने होते हे लिहून ठेवा. काचांमधलं अंतर त्यांच्यावर ठरलेलं असतं.

फोकसच्या आट्यांना हात लावू नका. त्या आट्यांना सुरू होण्याच्या अनेक जागा असतात आणि त्यातली एकच बरोबर. चुकीच्या जागेवरून बसवल्या तर लेन्स दिसायला जोडलेली दिसते, पण अनंतावर, म्हणजे फार दूरच्या गोष्टींवर, फोकस होत नाही. पाती सुटी झाली तर ती पुन्हा रचायला तासन्‌तास जातात. ऑटोफोकस, स्थिरीकरण, आतून जाणाऱ्या फितीसारख्या तारा असलेल्या लेन्स आणि सगळ्या झूम लेन्स घरी उघडण्याच्या नाहीत.

परत का येते?

लेन्स बंद डबी नाही. फोकस करताना किंवा झूम करताना जिची नळी पुढेमागे होते ती लेन्स दर वेळी हवा आत ओढते आणि बाहेर सोडते. ओढून-ढकलून चालणाऱ्या जुन्या झूम लेन्समध्ये हे सर्वात जास्त. हवेबरोबर धूळ येणारच, आणि साफसफाई कितीही चांगली झाली तरी ही वाट बंद होत नाही. शिवाय पात्यांचा जुना रंग आणि नळीच्या आतला काळा लेप सुटून आतल्या आतच कण तयार होतात. म्हणून स्वच्छ लेन्समध्ये काही महिन्यांत पुन्हा दहा-वीस कण दिसणं हा कारागिराचा दोष नाही आणि तुमचाही नाही.

वेग कमी करता येतो. बॅग आतून व्हॅक्यूमने साफ ठेवा, कारण बरीच धूळ तिथूनच येते. दोन्ही झाकणं कायम लावलेली असू द्या. लेन्स बदलताना कॅमेऱ्याचं तोंड खाली धरा. झूम मिटवून ठेवा, आणि धुळीच्या ठिकाणी ती उगाच आतबाहेर करू नका.

बुरशी मात्र पूर्ण टाळता येते, आणि खरी मेहनत तिथे करावी. आर्द्रता ४० ते ५० टक्के ठेवा. ६० टक्क्यांवर ती फार काळ राहू देऊ नका. ड्राय कॅबिनेट (आतली आर्द्रता कमी ठेवणारं कपाट) असेल तर उत्तम, नाहीतर घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, आत सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक. जेल ओलं झालं की तापवून कोरडं करत राहा, नाहीतर त्याचा काही उपयोग नाही. चामड्याच्या जुन्या पिशव्या ओलावा धरतात. त्या जपायच्या असतील तर लेन्सपासून वेगळ्या जपा. आणि लेन्स वापरा. हवेत, उजेडात येणाऱ्या लेन्सला बुरशी सहज धरत नाही, अंधाऱ्या कपाटात पडून राहणारीला धरते.

कारागिराकडे देताना आणि परत घेताना

‘साफ करून द्या’ एवढंच सांगू नका. काय दिसतंय ते नेमकं सांगा: काळ्या कापडावर फोटो फिका येतो, पाती हळू मिटतात, कडेला तंतू आहेत. फोटो सोबत न्या. कोणते गट उघडणार, लेप खराब झाला असेल तर काय करणार, अनंताचं फोकस आणि काचांचं केंद्र कशावर तपासणार, हे विचारा. नीट काम करणारा माणूस या प्रश्नांनी चिडत नाही. ‘बुरशी कोरली गेली असेल तर ठसा राहील’ असं आधीच सांगणाऱ्यावर मी जास्त विश्वास ठेवते.

लेन्स देण्याआधी सपाट विटांच्या भिंतीचा एक फोटो मोठ्या अ‍ॅपर्चरला, ट्रायपॉडवरून, भिंतीला समांतर धरून काढून ठेवा. परत आल्यावर त्याच जागेवरून, त्याच सेटिंगला पुन्हा काढा. चारही कोपरे एकमेकांशी ताडून पाहा. डावा कोपरा स्पष्ट आणि उजवा विरघळलेला, असं आधी नव्हतं आणि आता दिसत असेल, तर एखादी काच किंवा गट तिरका बसला आहे. मग दूरच्या डोंगराच्या किंवा टॉवरच्या कडेवर फोकस करून बघा, कडी अनंताच्या खुणेवर येते तेव्हा ती कड तीक्ष्ण दिसते का. कडी पूर्ण फिरवून कुठे अडकते का, पाती झटक्यात मिटतात का, हेही तिथेच तपासा. काही खटकलं तर त्याच आठवड्यात परत न्या, काय उघडलं आणि कोणत्या क्रमाने जोडलं हे कारागिराला आठवत असतानाच.